वजनकाटा सगळे सांगत नाही

चरबी मोजणाऱ्या यंत्राचे खरे काम काय, ते चुकते कुठे आणि गावात त्याचा उपयोग किती

बाजार समितीच्या यार्डात सोयाबीन नेले की वजन होण्याआधी मूठभर दाणे ओलावा मोजणाऱ्या यंत्रात पडतात. आकडा १२ च्या आत आला तर ठीक, वर गेला की भाव उतरलाच म्हणून समजा. कापसाचेही तेच. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात आणि त्याच्याही वर गेला तर खरेदीच नाही. या मॉइश्चर मीटरवरून होणारी हुज्जत परभणी, सेलू, मानवत, जिंतूरच्या शेतकऱ्याला काही नवी नाही.

आता याच जातीचे एक यंत्र माणसासाठी आले आहे. दिसायला ते वजनकाट्यासारखे असते. वर धातूच्या चार पट्ट्या, त्यावर अनवाणी उभे राहायचे. मोठ्या यंत्रात दोन्ही हातांत मुठीही धरायच्या. मिनिटाच्या आत कागद बाहेर येतो. चरबी इतके टक्के, स्नायू इतके किलो, पाणी इतके लिटर. काही यंत्रे तर 'तुमच्या शरीराचे वय इतके' असेही छापून देतात. शहरातल्या व्यायामशाळेत, तपासणी शिबिरात ही यंत्रे असतात आणि हल्ली मोबाइलवरून मागवलेला असा काटा घरातही येऊन पडतो. कागद पाहून कोणी घाबरतो, कोणी उगीच निर्धास्त होतो, तर कोणी तिथेच मांडलेल्या पावडरीचे डबे हजारो रुपये मोजून घरी घेऊन येतो.

या तपासणीला बायोइम्पिडन्स म्हणतात. शरीर विजेला किती विरोध करते ते पाहून शरीरात काय-काय किती आहे याचा अंदाज काढणे, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र खोटे नाही. पण ते मोजते काय आणि छापते काय, यातला फरक ज्याला कळला त्यालाच त्याचा उपयोग होईल. म्हणून हा लेख.

दुधाला फॅट, मग देहाला का नाही?

डेअरीवर दूध घालताना नुसत्या लिटरवर पैसे मिळत नाहीत. फॅट किती, एसएनएफ किती, यावर दर ठरतो. दोन कॅनचे वजन सारखे असले तरी आतला माल सारखा नसतो, हे दूध उत्पादकाला कोणी शिकवावे लागत नाही. माणसाच्या देहाच्या बाबतीत मात्र आपण अजून नुसत्या किलोवर थांबलो आहोत. 'वजन किती? बासष्ट. मग काही काळजी नाही.' विषय संपला.

दवाखान्यात याच्या एक पाऊल पुढे जाऊन बीएमआय काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १ मीटर ६६ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो असेल तर बीएमआय साडेबावीस येतो. जागतिक मापाने २५ च्या पुढे वजन जास्त धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी ही रेषा २३ वर आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार दिसू लागतात. म्हणजे साडेबावीसवाला माणूस या रेषेच्याही आतच बसतो.

पण समजा, याच उंचीचे आणि याच वजनाचे दोन शेतकरी आहेत. एकाच्या अंगात ११ किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगात १७ किलो. काटा दोघांना ६२ च दाखवणार, बीएमआय दोघांचा एकच येणार. एकाच्या अंगावर सहा किलो स्नायू जास्त, तर दुसऱ्याच्या पोटात सहा किलो चरबी जास्त, हा फरक काट्याला दिसतच नाही. आणि साखरेच्या आजाराचा धोका ठरतो तो बराचसा याच फरकावर. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात. पोटातली आणि यकृताभोवतीची चरबी वाढली की इन्सुलिनचे काम अडते. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळानेही हेच सांगितले की, एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणा ठरवू नका. प्रत्यक्ष चरबी मोजा, नाहीतर निदान कमरेचा घेर तरी मोजा.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवले

'आमच्या अंगावर मांस नाही, आम्हाला कुठली चरबी?' असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दिले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांचा मोठा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन इथल्या शास्त्रज्ञांचे त्यांना सहकार्य होते. माता बहुतेक शेतकरी कुटुंबातल्या, अंगाने बारीक, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळे जन्मली तेव्हा सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी असतात हे माहीत होतेच. पण संशोधकांनी नुसते वजन करून काम संपवले नाही. त्यांनी बाळांचे दंड मोजले, पोटाचा घेर मोजला, पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजली. तेव्हा दिसले ते असे : आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे बाळ बारीक, तरी चरबीने भरलेले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आणि 'बारीक पण चरबीचे भारतीय बाळ' ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाली.

पुढच्याच वर्षी, २००४ च्या जानेवारीत, डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीराची आतून मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली, दुपटीपेक्षाही जास्त. युडकिन मॅरेथॉन पळणारे. आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत धावणे, असे याज्ञिक यांच्याबद्दल गमतीने लिहिलेले आहे. ही मोजणी क्ष-किरणांच्या डेक्सा नावाच्या मोठ्या यंत्रावर झाली होती, पट्ट्यांच्या काट्यावर नव्हे. हा फरक पुढे कामाचा आहे.

खेड्यात साखर कमी, असेही आता ठामपणे म्हणता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : शहरात मधुमेह १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण गावात आणि शहरात जवळपास सारखेच, १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उद्याचे रोगी गावातही तयार होत आहेत. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, मळणी यंत्रावर गेली, शेतापर्यंत मोटारसायकल गेली. काम कमी झाले, ताटातला भात आणि चहातली साखर मात्र कमी झाली नाही.

यंत्र चरबी मोजतच नाही

आता यंत्राकडे येऊ. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये, हे आपल्या पोराबाळांनाही माहीत आहे. ओलाव्यातून वीज वाहते, आणि त्या पाण्यात क्षार असतील तर अधिकच सहज वाहते. कापसाच्या ढिगात खुपसायच्या मीटरच्या टोचण्यांमधून वीज जाते. कापूस जितका ओला तितका विजेला विरोध कमी. जमिनीतला ओलावा पाहण्यासाठी जिप्समचा ठोकळा पुरतात त्याचेही तत्त्व हेच.

माणसाच्या स्नायूत, रक्तात, यकृतात भरपूर क्षारयुक्त पाणी असते. चरबी सोडून बाकीच्या शरीरात सरासरी ७३ टक्के पाणी धरतात. चरबीत मात्र पाणी फार थोडे, म्हणून तिच्यातून वीज नीट वाहत नाही. यंत्र पायाच्या किंवा हाताच्या पट्टीतून अगदी बारीक वीज सोडते, एका अँपिअरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ती सेकंदाला साधारण ५० हजार आवर्तनांची असते. आपल्या घरातली वीज ५० आवर्तनांची. इतकी कमी आणि इतकी वेगाने उलटसुलट होणारी वीज अंगाला जाणवतसुद्धा नाही. तेव्हा झटक्याची भीती बाळगायचे कारण नाही.

या विजेला किती विरोध झाला, एवढेच यंत्र मोजते. पुढचा सगळा हिशेब असतो. पाइपलाइनचे उदाहरण घ्या. पाइप लांब आणि बारीक असला तर पाण्याला अडथळा जास्त. आखूड आणि जाड असला तर कमी. विजेचेही तसेच. म्हणून उंचीचा वर्ग घेऊन त्याला विरोधाने भागले की अंगात पाणी किती याचा अंदाज येतो. पाण्यावरून चरबीविरहित शरीर काढायचे. वजनातून ते वजा केले की राहिली ती चरबी.

वरच्याच ६२ किलोवाल्याचा हिशेब करून पाहा. यंत्राने अंगात ३७ लिटर पाणी धरले. त्याला ०.७३ ने भागले की जवळपास ५०.७ किलो चरबीविरहित शरीर. ६२ मधून ते वजा केले की चरबी ११.३ किलो, म्हणजे १८ टक्के. दुसऱ्याचे पाणी ३३ लिटर निघाले तर चरबीविरहित शरीर ४५.२ किलो आणि चरबी १६.८ किलो, म्हणजे २७ टक्के. भारतीय अभ्यासांत सामान्यतः पुरुषाला २५ आणि बाईला ३० टक्क्यांच्या पुढे चरबी जास्त धरतात. म्हणजे हा दुसरा शेतकरी वजनाने ठीक, पण चरबीने जास्त.

हे तंत्र काही आजचे नाही. फ्रान्समधल्या तोमासे नावाच्या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या वर्षांत कातडीत सुया टोचून ते करून पाहिले. १९६९ साली अमेरिकेत हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीचा वर्ग आणि विरोध यांचा पाण्याशी संबंध दाखवला. १९८५ साली हेन्री लुकास्की यांनी ते आजच्या रूपाच्या जवळ आणले, आणि विशेष म्हणजे ते काम झाले अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, नॉर्थ डाकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स इथल्या मानवी पोषण संशोधन केंद्रात. धान्य पिकवणाऱ्या खात्यालाच ते धान्य खाणाऱ्याच्या अंगी काय लागते हे पाहावेसे वाटले, यात नवल नाही. लुकास्की यांनी ३७ निरोगी पुरुषांची मोजणी पाण्यात बुडवून करायच्या जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली होती.

मीटर कुठे चुकते

इथेच मॉइश्चर मीटरचा अनुभव कामाला येतो. मीटरवर पीक हरभरा लावून ठेवले आणि आत सोयाबीन टाकले, तर आकडा येतो, पण तो खरा नसतो. बायोइम्पिडन्सचेही असेच आहे.

पहिली गोष्ट, सूत्र कोणावर बसवले? निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत निरनिराळी सूत्रे असतात. युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर बसवलेले सूत्र आपल्या बांध्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. धड आणि पाय यांचे प्रमाण, स्नायूंची ठेवण वेगळी असते. म्हणून एका यंत्रावर २२ आणि दुसऱ्यावर २६ टक्के आले तर कोणी चोर ठरत नाही. दोघांचे 'पीक' वेगळे लावलेले असते.

दुसरी गोष्ट, उंची. हिशेबात उंचीचा वर्ग येतो. 'पाच फूट सहा असेल' असे अंदाजे सांगून टाकले आणि दोन सेंटिमीटरची चूक झाली, तर एवढ्यानेच चरबीविरहित शरीर सव्वा किलोच्या आसपास इकडचे तिकडे होते. उंची भिंतीला टेकवून मोजलीच पाहिजे.

तिसरी आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. मे महिन्यात सकाळपासून काम करून दोन लिटर घाम गाळून माणूस दुपारी यंत्रावर उभा राहिला असे धरा. वजन ६२ चे ६० झाले, पाणी ३७ चे ३५ झाले. हिशेबाने चरबी १८ टक्क्यांवरून २० वर गेली! चार तास राबल्यावर चरबी वाढली, असे कुठे होते का? वाढले काहीच नाही, पाणी तेवढे कमी झाले. याच्या उलट, यंत्रावर चढायच्या आधी घटाघटा एक लिटर पाणी प्यायले तर ते पोटातले पाणी विजेच्या वाटेत फारसे येत नाही, वजनात मात्र येते. म्हणून यंत्र त्यालाही चरबीतच धरते. आणि मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजाराने पायावर सूज असेल, तर ते साचलेले पाणी यंत्राला चांगला भरीव देह वाटते. रोगी माणूस कागदावर पहिलवान दिसतो.

चौथी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. धडात शरीराचे जवळपास अर्धे वजन असते, पण धड जाड आणि आखूड असल्याने एकूण विरोधातला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच भरतो. बाकीचा विरोध बारीक आणि लांब हातापायांचा. म्हणजे सगळ्यात धोक्याची जी पोटातली चरबी, तीच या यंत्राला सगळ्यात कमी दिसते. त्यातून नुसत्या पायाच्या काट्यात वीज एका पायाने वर चढते आणि दुसऱ्या पायाने खाली उतरते. छाती-पोट-दंड यांचा अंदाज सूत्रावरच सोडलेला असतो. हातात मुठी असलेली यंत्रे त्या मानाने बरी.

पाचवी गोष्ट आपल्या पायांची. अनवाणी चालून घट्टे पडलेले, भेगाळलेले, कोरडे तळवे पट्टीला नीट टेकत नाहीत आणि विरोध उगीच वाढतो. पाय धुऊन, ओल्या फडक्याने पुसून मगच उभे राहावे.

आणि एक पक्का नियम. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी या यंत्रावर चढूच नये. गर्भवती बायांचीही ही तपासणी करू नये. हाडात सळई-प्लेट असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नये. शिबिरवाल्याने हे तीन प्रश्न आधी विचारले नाहीत, तर त्याला यंत्राची माहिती नाही असे समजावे.

मग उपयोग कोणाला?

एवढ्या चुका, तर यंत्र टाकाऊ आहे का? मुळीच नाही. मॉइश्चर मीटर आपण फेकून दिले आहे का? एकदाच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक इथे जास्त खरे सांगतो. तेच यंत्र, तीच वेळ, सकाळी उपाशीपोटी, लघवी करून, आदल्या दिवशी दारू नाही आणि सकाळी कष्टाचे काम नाही, असे नियम पाळून तीन-तीन महिन्यांनी मोजले, तर चरबी कुठल्या बाजूला चालली आहे हे कळते. ज्याने साखर कळल्यावर चालणे सुरू केले आहे, त्याचे वजन कधीकधी हलत नाही आणि तो निराश होतो. तेव्हा चरबी दोन किलो उतरली आणि स्नायू दोन किलो चढले, हे या यंत्रावर दिसू शकते. नुसत्या काट्यावर ते कधीच दिसणार नाही.

रुग्णालयांत याचा दुसरा मोठा उपयोग आहे. डायलिसिसवरच्या रोग्याच्या अंगात किती पाणी जास्त साठले आहे, याचा अंदाज घ्यायला बायोइम्पिडन्सची खास यंत्रे वापरतात. म्हणजे यंत्राचा जो खरा गुण, पाणी ओळखण्याचा, तोच तिथे कामाला लावला जातो.

तिसरा उपयोग म्हाताऱ्या माणसांसाठी. वय वाढले की स्नायू झिजतात. वजन तेवढेच राहते, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. घरच्यांना वाटते, आजोबांची तब्येत आहे तशीच आहे. आणि एक दिवस आजोबा न्हाणीत पडतात. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली स्नायूंची झीज ओळखायला बायोइम्पिडन्स मान्य केले आहे, पण त्याच गटाने यंत्राशिवाय करायच्या खुणाही दिल्या आहेत. पोटरीचा सगळ्यात जाड भागाचा घेर पुरुषाचा ३४ आणि बाईचा ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर डॉक्टरला दाखवावे. याला खर्च शून्य.

गावात काय करता येईल

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्य समितीचे सदस्य यांच्यासाठी हा भाग.

गावाने यंत्र विकत घ्यायची घाई करू नये. आधी पन्नास रुपयांच्या आतला टेप पुरेसा आहे. बरगडीचे खालचे टोक आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवा धरून पोटाचा घेर मोजावा. विजारीच्या नाडीजवळ नव्हे. तिथे मोजले तर सुटलेले पोटही आत जाते. पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची रेषा. पोटाची जी चरबी यंत्राला नीट दिसत नाही, ती या टेपला दिसते.

आशाताईंकडे तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी सीबॅक नावाचा फॉर्म असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला मधुमेह-रक्तदाब यांना गुण आहेत. पुरुषाचा घेर ९० पर्यंत असेल तर शून्य, ९१ ते १०० असेल तर एक, १०० च्या पुढे दोन. बाईला हेच ८० आणि ९० च्या रेषांनी. एकूण गुण चारच्या वर गेले की उपकेंद्रात आधी तपासणीला जायचे. हा फॉर्म अनेक घरांत दारातूनच भरून घेतात, आणि 'आमच्या ह्यांना काही नाही' म्हणून टेप लावू देत नाहीत. गडी माणसे तर शेतातच असतात. ग्रामसभेच्या दिवशी एक कोपरा यासाठी ठेवला, तर एका दिवसात अर्ध्या गावाचे काम होईल. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात.

गावात कोणी चरबी तपासायचे शिबिर घेतो म्हणाला तर परवानगी देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. तपासणी सकाळी उपाशीपोटी होणार का? उंची प्रत्यक्ष मोजणार का? पेसमेकर आणि गर्भवती यांची विचारपूस होणार का? आणि तपासणारा माणूस तिथेच काही विकणार आहे का? चौथ्याचे उत्तर 'हो' असेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे नीट तपासावीत. व्यापाऱ्याचाच माणूस, व्यापाऱ्याचेच मीटर आणि भावही व्यापाऱ्याचाच असला की काय होते, हे यार्डात आपण पाहतोच. 'शरीराचे वय ५८' असे छापून आलेल्या ४२ वर्षांच्या माणसाने घाबरून जाऊ नये. ते वय डॉक्टरने काढलेले नसते, कंपनीच्या सूत्राने काढलेले असते.

ताटाचे काय?

चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा कागद आला तर जेवण तोडून उपयोग नाही. उपास केले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेले प्रमाण किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने असे आहे. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. त्याला डबा लागत नाही. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून ३० ग्रॅमच्या आसपास, ५० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ११ ग्रॅम, पावशेर दुधातून किंवा दह्यातून ८ ग्रॅम, हिशेब जमतो. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ हवीच, कारण ज्वारीच्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ भरून काढते. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम आहेत.

ज्या जिल्ह्यात सोयाबीनचे ढीग लागतात, तिथे सोयाबीन घरात खाल्ले जात नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. सोयाबीन कच्चे दळू नये. वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून, नऊ भाग धान्याला एक भाग या प्रमाणात दळून आणावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ पासून आहे. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. चार गुंठे का होईना, घरच्या खाण्यासाठी तो करून पाहावा.

आणि सुनेच्या, लेकीच्या ताटाकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत सुमारे दोन तृतीयांश गर्भवती मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. ते दूध, दही, अंडी, मांस यातूनच मिळते, भाजीपाल्यातून नाही. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळे चांगल्या वजनाची झाली, हेही त्याच अभ्यासात दिसले. घरात म्हैस आहे, पण सगळे दूध डेअरीला आणि गरोदर बाईला कोरा चहा, असे असेल तर त्या घरात पुढच्या पिढीच्या आजाराची पेरणी आजच होत आहे. यात कोणाचे यंत्र काही करू शकत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, ज्याला आपले वजन ठीक वाटते त्यानेही एकदा पोटाला टेप लावून पाहावा. टेप रेषेच्या पुढे गेला तर उपकेंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासावा. पट्ट्यांचे यंत्र मिळाले तर नियम पाळून जरूर वापरावे, पण कागदावरच्या चरबीच्या आकड्याकडे मॉइश्चर मीटरच्या आकड्यासारखेच पाहावे. तो अंदाज आहे, आणि मीटर कोणत्या पिकाला लावलेले आहे हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.